अर्ज, पट्टा आणि घरकुल : आदिलाबाद जिल्ह्यातील घराच्या हक्काचा इतिहास



ज्या गुरुजींच्या स्मृतिप्रीत्यर्थ ही व्याख्यानमाला चालते, त्यांच्या अध्यापनकौशल्याविषयी माझ्या आधीच्या वक्त्यांनी पुष्कळ सांगितले आहे. मला त्यांचे दुसरे एक काम आठवते. शाळा सुटल्यावर गुरुजी ओसरीवर चटई टाकून बसत आणि आजूबाजूच्या पाड्यांवरून, गुड्यांवरून आलेल्या माणसांचे अर्ज लिहून देत. कुणाचे छप्पर वादळात गेलेले असे, कुणाची घरजागा जंगलखात्याच्या नकाशात अडकलेली असे, तर कुणाचे नाव यादीत चढूनही रक्कम हाती आलेली नसे. गुरुजी अर्जाखाली कार्बन घालीत आणि खालची प्रत अर्जदाराच्या हाती देताना बजावीत, ‘पोच घेतल्याशिवाय कचेरीतून उठू नकोस.’ वाङ्मयाचा अभ्यासक असूनही मी आज घरकुलासारखा रूक्ष भासणारा विषय निवडला, त्याचे कारण ती ओसरी आहे. आपल्या जिल्ह्याचा इतिहास राजे आणि किल्ले यांच्या अंगाने लिहिला गेला आहे. अर्जांच्या अंगाने तो फारसा कुणी पाहिलेला नाही.

प्रारंभी शब्दांचा थोडा विचार करावयास हवा. मराठीच्या प्राध्यापकाला ही खोड सुटत नाही, ती आपण सोसून घ्यावी. ‘अर्ज’ हा शब्द अरबी. त्याचा अर्थ समोर मांडणे. ‘फिर्याद’ हा फारसी. मुळात तो आर्त हाकेचा शब्द. ‘तक्रार’ हाही अरबीतूनच आला आणि मूळ भाषेत त्याचा अर्थ आहे पुनरुक्ती, म्हणजे तेच ते पुन्हा पुन्हा म्हणणे. हिंदी-उर्दूत तो भांडणाच्या अर्थाने स्थिरावला, मराठीत गाऱ्हाण्याच्या अर्थाने. परंतु कचेरीच्या पायऱ्या झिजवलेल्या माणसाला मूळ अर्थ कोशात पाहण्याची गरज पडत नाही. या साऱ्या परक्या शब्दांत ‘घरकुल’ तेवढा घरचा. लहानशा, मायेच्या घराचे लाडके नाव. शासनाने तो उचलला आणि त्याच्यामागे ‘प्रस्ताव’, ‘हप्ता’, ‘लाभार्थी’ असे शब्द जोडून त्याला कचेरीत बसवले.

आता जिल्ह्याकडे वळू. निजामी राज्यात १८७२ साली सिरपूर-तांडूर हा उपजिल्हा निर्माण झाला. एदलाबाद, राजुरा आणि सिरपूर हे त्याचे तालुके. १९०५ मध्ये त्याला स्वतंत्र जिल्ह्याचा दर्जा मिळाला. गोंड, कोलाम, परधान, तोटी, आंध अशा जमाती येथे पिढ्यान्‌पिढ्या नांदत होत्या. कुडाच्या भिंती, मातीचे लिंपण, वर गवताचे किंवा कौलांचे छप्पर असे त्यांचे घर. जमीन थकली की गाव थोडे सरकून बसे आणि लाकूड, बांबू, गवत हे सारे भोवतालच्या रानातून मिळे. अशा घराला ना अनुदान लागत होते ना परवानगी. विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकांत राखीव जंगलांच्या सीमा आखल्या गेल्या आणि हे चित्र पालटले. नकाशावरची रेघ ज्या घरावरून गेली ते घर एका रात्रीत अतिक्रमण ठरले. गावे उठवली गेली, काही जाळलीही गेली. आदिलाबादच्या इतिहासात घराविषयीची पहिली मोठी तक्रार येथे जन्मली, आणि ती घर मागण्याची नव्हती, असलेले घर राहू द्यावे एवढीच होती.

जोडेघाटच्या डोंगरात कुमराम भीम यांनी उभारलेला लढा सर्वांस ठाऊक आहे. १९४० साली पोलिसांच्या गोळीबारात त्यांचा आणि त्यांच्या साथीदारांचा अंत झाला. त्या लढ्याच्या आधी अर्जविनंत्यांचा एक कालखंड होऊन गेला होता आणि तो निष्फळ ठरला होता, हा भाग मात्र पोवाड्यांत येत नाही. शस्त्र हाती घेतल्याचे स्मारक होते. अर्ज घेऊन ताटकळलेल्याचे होत नाही.

या रक्तपातानंतर निजाम सरकारला कारणांचा शोध घेणे भाग पडले. मानववंशशास्त्रज्ञ ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ यांनी येथील गोंडांचा अभ्यास केला. त्यांचे चार अहवाल ‘ट्रायबल हैदराबाद’ या नावाने १९४५ साली प्रसिद्ध झाले. हायमेनडॉर्फ यांचे मोठेपण असे की, ते निदानावर थांबले नाहीत. ‘लावणी खास’ या विशेष नियमांखाली आदिवासींना जमिनीचे पट्टे देण्याची मोहीम त्यांच्या पुढाकाराने चालली आणि दशकाच्या अखेरपर्यंत सुमारे एक लाख साठ हजार एकर जमिनीचे पट्टे दिले गेले. ‘लावणी’ म्हटले की आपल्याला फड आणि ढोलकी आठवते. या जिल्ह्यातल्या म्हाताऱ्या गोंडाला मात्र तो शब्द जमिनीच्या कागदाची आठवण करून देत असे.

मारलवाई येथे १९४३ साली गोंड शिक्षकांसाठी प्रशिक्षण केंद्र निघाले. तेथील गोंडी वाचनपुस्तके देवनागरी लिपीत छापली गेली, कारण या टापूत मराठीचा वावर होता आणि ती लिपी लोकांच्या नजरेखालची होती. या कामात आपल्या भाषेतील एक थोर संशोधकही होते. सेतुमाधवराव पगडी हे आपल्याला शिवकालाचे इतिहासकार म्हणून परिचित आहेत. परंतु हैदराबाद संस्थानच्या नोकरीत त्यांनी आदिलाबादेत काम केले, गोंडी भाषा आत्मसात केली आणि तिच्यावर लेखन केले. अर्जदाराची भाषा अधिकाऱ्याने शिकावी, ही घटना आमच्या प्रशासनाच्या इतिहासात इतकी विरळ आहे की तिचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाववत नाही. मारलवाईत हायमेनडॉर्फ दांपत्याच्या समाध्या आहेत. विद्यार्थ्यांनी सहलीला बासरला अवश्य जावे, पण एकदा मारलवाईलाही जावे.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी भाषावार प्रांतरचना झाली आणि जिल्ह्याची फाळणी झाली. किनवट आणि राजुरा हे मराठी मुलखाचे तालुके मुंबई राज्यात गेले. नांदेडचा मुधोळ तालुका आदिलाबादला जोडला गेला. नकाशा भाषेप्रमाणे फाटला, माणसे मात्र तशी फाटत नाहीत. रेघेच्या अलीकडे मराठी बोलणारे राहिले, पलीकडे तेलुगू बोलणारे राहिले, आणि गोंडी बोलणारे दोन्हीकडे राहिले, ज्यांना कुणी विचारलेच नव्हते. कचेरीची भाषाही बदलली. ज्या कुटुंबाचा जुना पट्टा उर्दूत, त्याने वाटणीपत्र मराठीत केलेले आणि आता अर्ज तेलुगूत द्यावयाचा, अशी त्रिभाषिक अवस्था मी स्वतः अनेक घरांत पाहिली आहे. माझ्या एका विद्यार्थ्याच्या आईने घरासाठी केलेला मराठी अर्ज एका कचेरीतून तोंडी शेऱ्यासह परत आला. शेरा असा की, हे आम्हाला वाचता येत नाही. त्या माउलीला तरी कोठे वाचता येत होते? अर्ज आमच्या गुरुजींच्या हस्ताक्षरातला होता, आणि ते अक्षर मोत्यासारखे होते.

जमिनीच्या कायद्याचाही घराशी जवळचा संबंध आहे. अनुसूचित क्षेत्रातील जमीन आदिवासीखेरीज इतरांकडे जाऊ नये यासाठी आंध्र प्रदेशात १९५९ चा विनियम झाला आणि १९७० मध्ये तो अधिक कडक करण्यात आला. हेतू निर्विवाद योग्य होता, कारण १९४० च्या दशकात दिलेले पट्टे सावकार आणि बाहेरून आलेले शेतकरी यांच्या घशात चालले होते. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीच्या बाजाराच्या दिवशी जमले ते गोंड याच दुखण्यासाठी जमले होते. त्यांच्यावर गोळीबार झाला. सरकारने मृतांचा आकडा १३ सांगितला, लोक तो कितीतरी मोठा सांगतात. परंतु त्याच विनियमाची दुसरी बाजू अशी की, मराठवाड्यातून येऊन या क्षेत्रात पिढीभर राहिलेल्या गरीब, बिगर-आदिवासी मजुराला आपल्या झोपडीखालच्या जागेचा कागद मिळण्याचा मार्ग जवळजवळ बंद झाला. आणि घराचे अनुदान मागावयाचे तर पहिला प्रश्न येतो तो जागेच्या कागदाचा. एका गरिबाच्या संरक्षणासाठी उभारलेली भिंत दुसऱ्या गरिबाच्या दारासमोर आली. यात कोणाचा पक्ष घ्यावा, याचे सोपे उत्तर मजजवळ नाही. भिंत पाडावी असे मात्र मी म्हणणार नाही. इंद्रवेल्लीनंतर ते म्हणण्याचा अधिकार कोणाला उरत नाही.

आता प्रत्यक्ष घरांच्या योजना. आंध्र प्रदेशात दुर्बल घटकांच्या घरांसाठी १९७९ मध्ये गृहनिर्माण महामंडळ स्थापन झाले. १९८३ मध्ये एन. टी. रामाराव सत्तेवर आले आणि पक्क्या घरांचा कार्यक्रम निवडणुकीच्या राजकारणाच्या मध्यभागी आला. केंद्राची इंदिरा आवास योजना १९८५ मध्ये ग्रामीण रोजगाराच्या कार्यक्रमाचा एक भाग म्हणून निघाली. प्रारंभी ती अनुसूचित जाती, जमाती आणि मुक्त केलेल्या वेठबिगारांपुरती होती, पुढे इतर दरिद्री कुटुंबांनाही तिचा लाभ मिळू लागला आणि १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली. तिच्यातील एका नियमाचे मला नेहमी कौतुक वाटत आले. घर घरधनिणीच्या नावे, किंवा दोघांच्या नावे करावयाचे. ज्या सात-बारावर, पहाणीपत्रकावर बाईचे नाव शोधूनही सापडत नसे, तिच्या नावाची पाटी भिंतीवर लागली. रंग उडालेल्या अशा पाट्या उटनूर, नारनूर भागात मी थांबून थांबून वाचल्या आहेत. कोठे नावाचे तेलुगू स्पेलिंग चुकलेले असे, कोठे मराठी बाईचे नाव ‘बाई’ गाळून लिहिलेले असे. पण नाव असे.

घराची बांधणी मात्र कचेरीत ठरत असे, आणि ती जेथे राहावयाची त्या माणसाला विचारून ठरत नसे. कोलामांच्या वस्तीत सिमेंटच्या खोल्या ओळीने उभ्या राहिल्या आणि बाजूला माणसांनी आपली कुडाची खोपटी पुन्हा बांधून घेतली, हे दृश्य अनेकांनी पाहिले असेल. खोली धान्य आणि सरपण ठेवण्यास उपयोगी पडली. कोणी याला आदिवासींचे अज्ञान म्हणतात. मे महिन्यात आदिलाबादच्या उन्हात त्या स्लॅबखाली एक दुपार काढून मग त्यांनी हा शब्द वापरावा.

२००६ मध्ये ‘इंदिरम्मा’ कार्यक्रम आला. प्रत्येक गावात तीन वर्षांत कोणीही बेघर राहू नये, असा त्याचा संकल्प होता. घरे मोठ्या संख्येने झाली, आणि कागदावरची घरेही मोठ्या संख्येने झाली. २ जून २०१४ रोजी तेलंगणा राज्य अस्तित्वात आल्यावर नव्या सरकारने या गैरव्यवहारांची चौकशी गुन्हे अन्वेषण विभागाकडे सोपवली. ऑक्टोबर २०१५ मध्ये दोन शयनगृहांच्या घरांची योजना जाहीर झाली. ५६० चौरस फुटांचे घर, ग्रामीण भागात खर्च ५ लाख ४ हजार रुपये, लाभार्थ्याने एक पैसाही घालावयाचा नाही. स्वप्न देखणे होते. परंतु त्या किमतीत काम घेण्यास ठेकेदार पुढे येईनात, काही ठिकाणी बांधलेली घरे वाटपावाचून वर्षानुवर्षे पडून राहिली आणि तोवर खिडक्यांची तावदाने नाहीशी झाली. केंद्राने २०१६ मध्ये इंदिरा आवासच्या जागी प्रधानमंत्री ग्रामीण आवास योजना आणली, ती तेलंगणाने बरीच वर्षे राबवलीच नाही. २०२३ च्या मध्यास स्वतःची जागा असणाऱ्यांस तीन लाख रुपये देणारी गृहलक्ष्मी योजना आली आणि जानेवारी २०२४ मध्ये नव्या सरकारने ती रद्द केली. ११ मार्च २०२४ रोजी भद्राचलम येथे ‘इंदिरम्मा इंड्लू’चा आरंभ झाला. पाच लाख रुपये चार हप्त्यांत : जोत्याला एक लाख, भिंतींना एक लाख, स्लॅबला दोन लाख, पूर्ण झाल्यावर एक लाख. कोलाम आणि तोटी यांच्यासारख्या अतिदुर्बल जमातींसाठी केंद्राने १५ नोव्हेंबर २०२३ रोजी ‘पीएम-जनमन’ कार्यक्रम सुरू केला, त्यात घरासाठी दोन लाख रुपयांचे साहाय्य आहे.

योजनांची नावे बदलली की याद्या बदलतात, याद्या बदलल्या की अर्ज नव्याने करावे लागतात. २८ डिसेंबर २०२३ ते ६ जानेवारी २०२४ या दहा दिवसांत तेलंगणात गावोगाव ‘प्रजापालन’ या नावाने अर्ज घेतले गेले. रांगेत उभ्या असलेल्या एका वृद्ध गृहस्थांनी मला सांगितले की, हा त्यांचा घरासाठीचा पाचवा अर्ज. तक्रार शब्दाचा मूळ अर्थ मी त्यांना सांगितला नाही.

आता ज्या प्रश्नासाठी हे सारे सांगितले, त्याकडे येतो. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी जुन्या आदिलाबादचे चार जिल्हे झाले. त्यांपैकी कुमराम भीम आसिफाबाद जिल्ह्याच्या केरामेरी मंडलात आणि त्याच वेळी महाराष्ट्राच्या चंद्रपूर जिल्ह्यातील जिवती तालुक्यात मोडणारी चौदा गावे आहेत. परमडोली, अंतापूर, मुकदमगुडा, भोलापठार, महाराजगुडा, शंकरलोधी, येसापूर, पद्मावती, इंदिरानगर ही त्यांतील काही. ‘त्याच वेळी’ हा शब्दप्रयोग चुकून आलेला नाही. दोन्ही राज्ये या गावांवर हक्क सांगतात. वस्ती बहुतांशी मराठी बोलणाऱ्यांची. दलित आणि बंजारा कुटुंबे मराठवाड्यातून, विशेषतः दुष्काळाच्या काळात, डोंगर चढून येथे आली. त्यांच्या पेटीत दोन शिधापत्रिका आहेत, मतदाराची दोन ओळखपत्रे आहेत. गावात दोन ग्रामपंचायती, दोन सरपंच, दोन शाळा : एक मराठी, एक तेलुगू. न्यायालयात १९९७ साली आपली बाजू सरस ठरली असे महाराष्ट्र शासन सांगत आले आहे. प्रशासन मात्र तेलंगणाचेही चालूच राहिले. जुलै २०२५ मध्ये महाराष्ट्राच्या महसूल मंत्र्यांनी ही गावे महाराष्ट्रात सामावून घेण्याची प्रक्रिया सुरू असल्याचे जाहीर केले.

शहरातील मंडळी या गावांची चेष्टा करतात. दोन-दोन सरकारांचे खातात, असे म्हणतात. वर्तमानपत्रेही गंमत म्हणून छायाचित्रे छापतात. घरकुलाच्या बाजूने पाहिले तर ही गंमत कशी विरते ते पाहा. महाराष्ट्राच्या बाजूने अर्ज केला तर ग्रामसेवक, पंचायत समिती, ‘ड’ यादी, जॉब कार्ड आणि शेवटी मोबाईलवर घराच्या जागेचे जिओ टॅगिंग. रक्कम सपाट प्रदेशात एक लाख वीस हजार. तेलंगणाच्या बाजूने अर्ज केला तर पंचायत सेक्रेटरी, एमपीडीओ, इंदिरम्मा समिती; रक्कम पाच लाख. तेवढ्याच अंगणात उभे राहून मागितलेल्या घराची किंमत दोन सरकारांच्या लेखी चौपटीहून अधिक वेगळी. पण जमीन बरीचशी वनखात्याच्या दप्तरातली, म्हणून पिढ्यान्‌पिढ्या कसूनही पुष्कळांच्या हाती पट्टा नाही. येथे दोन्ही राज्यांचे एकमत आहे.

जातीच्या दाखल्याचे कोडे याहून अवघड. बंजारा समाज तेलंगणाच्या बाजूस लंबाडा म्हणून १९७६ च्या कायद्याने अनुसूचित जमातीत आला. महाराष्ट्रात तो विमुक्त जातींत आहे. म्हणजे घराच्या पुढच्या दाराने माणूस अनुसूचित जमातीचा आणि मागच्या दाराने विमुक्त जातीचा. त्यातही स्थलांतरिताचा नियम आहे. १९९० मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने असा निर्णय दिला की, एका राज्यातील अनुसूचित जाती-जमातीचा दर्जा दुसऱ्या राज्यात सोबत नेता येत नाही. योगायोग असा की, तो खटला आंध्रातून मुंबईत आलेल्या कुटुंबातील विद्यार्थ्याचाच होता. परभणी किंवा नांदेडहून परमडोलीला आलेल्या दलित कुटुंबाने स्थलांतर केले की नाही? महाराष्ट्राच्या मते ते महाराष्ट्रातून महाराष्ट्रात आले. तेलंगणाच्या मते ते परराज्यातून आले. अधिकारी कोणताही असो, त्याला फाईल नाकारावयाची असेल तर कारण तयार आहे. आणि स्थानिक गोंडांचाही रास्त सवाल आहे की, जमातींच्या वाट्याच्या सवलतींत बाहेरून आलेल्यांची वाटणी किती वाढावी. २०१७ मध्ये उटनूर भागात गोंड आणि लंबाडा यांच्यात तणाव उसळला, त्याच्या मुळाशी हाच सवाल होता.

माणसे सरकार निवडतात असे नागरिकशास्त्राचे पुस्तक सांगते. या चौदा गावांत माणसे अर्जापुरते सरकार निवडतात. आणि हे एकाच दिशेने चालते असेही नाही. नांदेडच्या धर्माबाद तालुक्यातील काही गावांनी २०१८ नंतर, तेलंगणातील शेतकऱ्यांच्या योजना पाहून, आम्हाला तेलंगणात घ्या अशी मागणी केली होती. १९५६ साली भाषेने ओढलेली रेघ आता योजनांच्या रकमांनी हलू पाहते आहे. मराठीच्या अध्यापकाला याचे दुःख व्हावे हे खरे, परंतु गळक्या छपराखाली मातृभाषेचे प्रेम किती पुरते, हे त्या घरात राहून पाहिल्याशिवाय बोलू नये.

तक्रार कोठे करावयाची, हाही व्यवहाराचा प्रश्न आहे, आणि येथे पालक बसले आहेत म्हणून सांगतो. तेलंगणात दर सोमवारी जिल्हाधिकारी कचेरीत ‘प्रजावाणी’ भरते; उटनूरला एकात्मिक आदिवासी विकास संस्थेतही गाऱ्हाणी ऐकली जातात. महाराष्ट्रात जिल्हाधिकाऱ्यांचा ‘लोकशाही दिन’ महिन्याच्या पहिल्या सोमवारी असतो. म्हणजे परमडोलीच्या माणसाला महिन्याच्या पहिल्या सोमवारी आसिफाबादला जावे की चंद्रपूरला, हे ठरवून घर सोडावे लागते. हैदराबादेत डिसेंबर २०२३ पासून मुख्यमंत्र्यांच्या जुन्या निवासस्थानी लोकांची निवेदने स्वीकारली जाऊ लागली, त्या वास्तूला महात्मा जोतीराव फुले यांचे नाव दिले आहे. यादीतून नाव गळले तर केंद्राच्या योजनेत जिल्हास्तरावर अपील समिती आहे. अर्जाचे पुढे काय झाले हे विचारण्यासाठी २००५ चा माहितीचा अधिकार आहे. तो अर्ज तेलुगूत लिहून देणारा कोणी गावात नसेल, तर या शाळेतील वरच्या वर्गांतील मुले-मुली मराठी, तेलुगू आणि हिंदी या तिन्ही भाषा लिहितात. गुरुजींच्या वेळी असे कोणी नव्हते, एकटे तेच होते.

त्यांच्या निधनानंतर त्यांच्या कपाटात अर्जांच्या कार्बनप्रतींचे गठ्ठे निघाले. अर्जदाराला एक प्रत देऊन दुसरी ते स्वतःजवळ ठेवीत. त्यांच्या चिरंजीवांनी ते मला पाहावयास दिले होते. बहुतेक कागद फिकट जांभळे झाले आहेत. प्रत्येकाच्या कोपऱ्यात पेन्सिलीने एक तारीख आहे, पोच मिळाल्याची. काहींच्या खाली दुसरी तारीख आहे आणि पुढे एकच शब्द : ‘बांधले.’ मी दोन संध्याकाळी बसून ते मोजावयास घेतले होते, पण दुसरी तारीख नसलेल्या कागदांचा ढीग वाढू लागला तेव्हा मोजणे सोडून मी अर्जदारांची नावे वाचीत बसलो.